भाऊजींचं घोरणं

आमच्या घरात कात्र्या दोन. एक शिवणाच्या टेबलावर असते आणि दुसरी म्हणजे माझी थोरली जाऊ. हे नाव मी ठेवलेलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा ते आधीच पडलेलं होतं, आणि त्यांना ते माहीत होतं, मनातून आवडतही होतं. समोरच्याचं वाक्य अर्ध्यात तोडायचं आणि उरलेलं आपणच पुरं करायचं, ही त्यांची रीत. वैताग याचा येतो की बहुतेक वेळा त्यांनी पुरं केलेलं वाक्य आपल्या वाक्यापेक्षा बरं असतं. मी त्यांना ताई म्हणते. भांडतानाही ताईच म्हणते, त्यामुळे भांडणाला हवी तशी धार येत नाही.

ताईंचं कोपऱ्यावर कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. नवीन कपडा त्या शिवत नाहीत. लोकांनी चुकीच्या मापाचं घेतलेलं बरोबर करून द्यायचं, एवढाच धंदा. पँटची उंची कमी कर, कंबर सैल कर, चेन बदल. माणसं आरशासमोर उभी राहून स्वतःशी खोटं बोलतात आणि मग माझ्याकडे येतात, असं त्या म्हणतात. गिऱ्हाईक आपलं माप सांगतं, त्या मान डोलावून ऐकून घेतात आणि मग गळ्यातली टेप काढून स्वतः मोजतात. दुसऱ्याच्या शब्दावर त्यांनी आजवर कापड कापलेलं नाही.

आमच्या भागात दरवर्षी रस्त्यावरची शर्यत होते. कोणी धावतं, कोणी चालतं, कोणी नुसतेच फोटो काढतं. आदल्या दिवशी शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये एक्स्पो भरतो. धावणाऱ्यांनी यायचं, छातीवर लावायचा नंबर घ्यायचा, टी-शर्ट घ्यायचा, बुटांचे आणि मलमांचे स्टॉल बघायचे, आणि पाय फारच दुखायला लागले की खुर्चीत बसून पाहुण्यांची भाषणं ऐकायची. संयोजकांच्या गळ्यात बारा महिने शिट्टी असते, म्हणून त्यांना सगळे शिट्टीच म्हणतात. टी-शर्ट मागवायचं काम त्यांच्याकडे. "मोठा सगळ्यांना होतो" या तत्त्वावर ते दरवर्षी सगळे मोठेच मागवतात. एका वर्षी ताईंनी ते बघून, तंबू वाटताय का, असं चारचौघांत विचारलं. शिट्टी म्हणाले, मग तुम्हीच काहीतरी करा. तेव्हापासून एक्स्पोच्या दिवशी ताई आपलं शिलाई मशीन हॉलच्या भिंतीला लावून बसतात आणि टी-शर्ट आत घेऊन देतात. त्यांच्यासमोरची रांग पाहुण्यांच्या भाषणाला असलेल्या गर्दीपेक्षा मोठी असते. मी नंबर वाटायच्या टेबलावर असते. एरवी मी पोहण्याच्या तलावाच्या ऑफिसात नोकरी करते.

आता भाऊजींबद्दल. माझे थोरले दीर लिफ्ट दुरुस्त करायचे. लोकांना जिने चढायला लागू नयेत म्हणून हा माणूस जन्मभर झटला, आणि पन्नाशी उलटल्यावर स्वतःच पळत सुटला. ताई म्हणायच्या, घरात बायकोपुढे पळून झालं, आता रस्त्यावर पळू दे. ते हसायचे. त्यांना बोलायला फारसं लागायचं नाही. त्यांच्या वाटचं बोलायला ताई होत्या. त्यांचा खरा आवाज ऐकू यायचा तो झोपेत. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे. त्या भिंतीतून भाऊजींचं घोरणं असं यायचं की आमचे हे म्हणायचे, दादाने लिफ्ट अंथरुणात आणलेली दिसते.

मागच्या वर्षीच्या शर्यतीत भाऊजी गेले.

शर्यतीचा रस्ता ताईंच्या दुकानावरून जातो. ताई पाण्याचा जग घेऊन दारात उभ्या होत्या. भाऊजी आले, पाणी न घेता फुटपाथच्या कडेवर बसले, जरा बसतो म्हणाले आणि आडवे झाले. ताईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. थोड्याच वेळात ते घोरायला लागले. लोक जमले. धावणाऱ्यांपैकी एकजण, डोक्याला निळा पट्टा बांधलेला, शर्यतीतून बाहेर येऊन वाकला आणि म्हणाला, बाई, यांचं बरं दिसत नाही, मला छाती दाबू द्या. पुढचं त्याला बोलताच आलं नाही. हात लावू नका, दमलेत, झोप लागलीय, झोपू द्या, असं ताईंनी त्याला सांगितलं. आमच्या कोपऱ्यावर ताई बोलल्या की गाड्यासुद्धा थांबतात. तो बिचारा मागे सरकला. कुणीतरी फोन केला. गाडी आली तोवर घोरणं थांबलं होतं.

त्यानंतर ताईंनी रडारड फार केली नाही. त्यांच्याकडे एक गोष्ट होती आणि त्या गोष्टीवर त्यांनी वर्ष काढलं. भाऊजी माझ्या मांडीवर झोपेत गेले. त्यांना काही कळलं नाही, काही दुखलं नाही. चेन बदलायला आलेल्या बाईला त्या ही गोष्ट सांगायच्या, पँट न्यायला आलेल्या माणसाला सांगायच्या. सांगताना भाऊजींचं घोरणं करून दाखवायच्या. नाकातोंडातून एक मोठी ओढ, मग नुसती शांतता, मग घशातून पुन्हा एक ओढ. ऐकणारा आधी हसायचा आणि मग डोळे पुसायचा. जाताना म्हणायचा, असं मरण नशिबाने मिळतं. ताई म्हणायच्या, पुण्यवान माणूस होता. मी पुष्कळदा तिथे स्टुलावर बसलेली असायचे, आणि मलाही ते ऐकून बरं वाटायचं.

मग तलावाच्या ऑफिसात आम्हा सगळ्यांना प्रथमोपचाराचं शिक्षण सक्तीचं झालं. शिकवायला एक सिस्टर आल्या. उभं आयुष्य रुग्णवाहिकेत काढलेली बाई, आवाज बारीक पण खणखणीत. रबरी बाहुला जमिनीवर ठेवून त्यांनी छाती कशी दाबायची ते दाखवलं. मग म्हणाल्या, लोक कुठे फसतात ते आता ऐका. आणि त्यांनी तोंडाने एक आवाज काढला. मोठी ओढ, शांतता, घशातून पुन्हा ओढ. हा श्वास नाही, हृदय थांबल्यावर शरीर काही वेळ असं करतं, जवळच्यांना वाटतं माणूस घोरतोय, आणि दाबायची वेळ निघून जाते, असं त्यांनी सांगितलं.

तो आवाज मी ताईंच्या तोंडून इतक्या वेळा ऐकला होता की त्यातली शांतता कुठे संपते तेही मला पाठ होतं.

घरी येऊन मी आमच्या ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची, वहिनीजवळ तेवढंच उरलंय. मलाही ते पटलं. पण त्या दिवसापासून दुकानातल्या स्टुलावर बसणं मला जड जायला लागलं. ताई घोरून दाखवायच्या आणि मी भिंतीवरच्या रंगीत रिळांकडे बघत राहायचे.

यंदाच्या एक्स्पोच्या सकाळी मी टेबल लावत होते तेव्हा मंचाशेजारी कार्यक्रमाचा कागद चिकटवलेला दिसला. बुटांवर एक पाहुणे, आहारावर एक बाई, मग एक जुने नामवंत धावपटू, आणि शेवटी प्रात्यक्षिक, अचानक हृदय बंद पडलं तर काय करावं. शिकवणार त्याच सिस्टर. मंच आणि ताईंचं मशीन यांच्यात फक्त टाचा मऊ करायच्या मलमाचा एक स्टॉल होता.

मी शिट्टींना गाठलं. प्रात्यक्षिक बाहेर मैदानात घ्या म्हटलं. ते म्हणाले, छे, ते तर यंदाचं मुख्य आकर्षण, आणि तुमच्यासाठी आणखी एक आनंदाची बातमी आहे. प्रात्यक्षिक भाऊजींच्या स्मरणार्थ ठेवलं होतं. सुरुवातीला ताई दोन शब्द बोलणार होत्या. ताईंनी हो म्हटलं होतं, नवी साडीसुद्धा नेसून येणार होत्या. हे सांगताना शिट्टींचे डोळे भरून आले. वाईट करायला निघालेल्या माणसाशी भांडता येतं. चांगलं करायला निघालेल्यापुढे हात टेकावे लागतात. खरं कारण त्यांना सांगावं तर ते मंचावरून जाहीर करायचे, इतके ते साधे आहेत.

मग मी सिस्टरांना शोधलं. त्या मंचामागे बाहुल्यात हवा भरत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, निळा पट्टासुद्धा सांगितला, आणि हात जोडले. घोरण्याचं तेवढं वगळा म्हटलं.

त्यांनी बाहुल्याच्या हवेचं बूच लावलं. "मी आवाज काढून दाखवणार नाही," त्या म्हणाल्या. "त्यांचं नाव घेणार नाही. पण कुणी विचारलं तर खोटं सांगणार नाही. समोर बसलेल्यांपैकी कुणाच्या तरी घरी हे होणार असतं, बाई."

त्यांचं चूक असतं तर मी भांडले असते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली.

एकच उपाय उरला होता, ताईंना कामाखाली गाडायचं. मी नंबर देता देता प्रत्येकाला सांगायला लागले की टी-शर्ट तुम्हाला सैल होतोय, त्या बाईंकडून आत घेऊन घ्या. एका पैलवानासारख्या गृहस्थांनाही सांगितलं. त्यांना तो अंगात जेमतेम शिरत होता, ते माझ्याकडे संशयाने बघत निघून गेले. ताईंसमोर ढीग लागला. पण ढीग बघून ताई घाबरतात थोड्याच? त्यांना चेव येतो. त्यांचं मशीन असं चालायला लागलं की बुटांवर बोलणाऱ्या पाहुण्यांनी दोनदा थांबून तिकडे बघितलं.

बूटवाले संपले. आहारवाल्या बाई साखर कशी विष आहे ते सांगून उतरल्या, आणि समोरच्या स्टॉलवर फुकट मिळणारं गोड सरबत पीत उभ्या राहिल्या. राहिले जुने धावपटू. माझी सगळी मदार त्यांच्यावर होती. हे गृहस्थ दरवर्षी येतात आणि कधीही वेळेत थांबत नाहीत. एकदा शिट्टींनी खरोखर शिट्टी मारून त्यांना खाली बसवलं होतं. आज त्यांनी संध्याकाळपर्यंत बोलावं, माणसं उठून जावीत, सिस्टरांची गाडी निघायची वेळ व्हावी, असं मी मनापासून मागत होते. त्यांनी यंदा घसा बसल्याचं सांगितलं, सर्वांना शुभेच्छा दिल्या आणि खाली बसले. दैव म्हणतात ते असं कपाळकरंटं असतं.

शिट्टींनी ताईंना बोलावलं. मी आडवी गेले. "ताई, ढीग बघा किती आहे. बोलायचं काय एवढं? मी सांगते त्यांना, तुम्हाला बरं नाही म्हणून."

"मला काय धाड भरलीय," ताई म्हणाल्या. त्यांनी पदरावरचे दोरे झटकले आणि मंचावर गेल्या.

त्या छान बोलल्या. लिफ्टची आणि पळण्याची गंमत सांगितली, लोक हसले. मग ती गोष्ट सांगितली. माइकवर घोरून दाखवलं. मोठी ओढ, शांतता, पुन्हा ओढ. हॉलमध्ये आधी हसू पसरलं आणि मग सगळे गप्प झाले. पुढच्या रांगेतल्या बाईंनी डोळे पुसले. सिस्टर मंचाच्या कडेला उभ्या होत्या, त्यांनी खाली बघितलं. ताईंच्या तोंडून तो आवाज त्यांना आजच पहिल्यांदा ऐकायला मिळाला होता. मी सांगितल्यावर थोडी शंका उरली असेल तर ती तेव्हा गेली असणार.

मग सिस्टरांनी सुरुवात केली. त्या शब्दाला जागल्या. हाक मारून बघा, मदत बोलवा, हात असे ठेवा, जोरात दाबा. घोरण्याचा विषय त्यांनी काढला नाही. ताई मंचावरच खुर्चीत बसून सगळं लक्ष देऊन बघत होत्या. मला वाटलं, निभावलं.

तेवढ्यात डोळे पुसणाऱ्या त्या बाईंनी हात वर केला. त्या शाळेतल्या शिक्षिका असाव्यात. आधी उभ्या राहिल्या आणि मग बोलल्या. "पण माणूस घोरत असेल तर? आत्ता ह्यांनी सांगितलं तसं. तेव्हा दाबायचं नसेल ना?"

सिस्टर थांबल्या. त्यांनी हॉलमध्ये नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. एवढ्या वेळात ताईंनी उत्तर देऊन टाकलं. "अर्थात नाही. घोरतोय म्हणजे श्वास चालू आहे. उगाच झोपलेल्या माणसाला कशाला दाबायचं?"

समोरची माणसं मान डोलवायला लागली. एकजण ते फोनमध्ये टिपून घेत होता. त्या क्षणी मला समजलं की आता सिस्टरांनाही दुसरा मार्ग उरलेला नाही.

"नाही ताई," त्या हळू म्हणाल्या. "हृदय बंद पडल्यावर काही वेळ असा आवाज येतो. घोरल्यासारखा. पण तो श्वास नसतो. तो ऐकू आला की थांबायचं नाही, लगेच दाबायला लागायचं."

ताईंनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता तोडणार. पण त्यांनी सिस्टरांचं वाक्य पुरं होऊ दिलं. मग त्यांनी विचारलं, "कसा आवाज? नीट सांगा."

"तुम्ही आत्ता..." सिस्टर म्हणाल्या.

"तुम्ही काढून दाखवा."

सिस्टरांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी काय खूण करणार होते? माझे हात नंबरांच्या ढिगावर होते आणि ते तिथेच राहिले. सिस्टरांनी माइक बाजूला ठेवला आणि तो आवाज काढला. ताई मान एका बाजूला करून ऐकत होत्या, मशीनचा आवाज बिघडला की ऐकतात तशा. पुन्हा काढा म्हणाल्या. सिस्टरांनी पुन्हा काढला. ताईंनी मान हलवली. बहुतेकांना वाटलं असेल, किती मन लावून शिकताहेत बाई. शिक्षिकाबाईंना मात्र कळलं. त्या खाली बसल्या आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

नंतर ज्याला त्याला बाहुल्यावर दाबून बघायचं होतं. रांग लागली. ताई खाली उतरून रांगेत उभ्या राहिल्या. शिट्टी म्हणाले, तुम्ही कशाला, तुम्ही पाहुण्या, आधी या. त्या रांगेतच राहिल्या. पाळी आल्यावर गुडघ्यांवर बसल्या, हातावर हात ठेवला, कोपर ताठ केले आणि दाबायला लागल्या. जन्मभर हातांचं काम केलेलं. पहिल्याच वेळी बरोबर जमलं. सिस्टर म्हणाल्या, अगदी बरोबर.

"एवढंच?" ताईंनी विचारलं.

"एवढंच," सिस्टर म्हणाल्या.

ताई उठल्या आणि मशीनवर येऊन बसल्या. मी माझं टेबल सोडून त्यांच्याजवळ गेले. नंबर न्यायला आलेली माणसं मागून हाका मारत होती, मारू देत. ताईंनी ढिगातला वरचा टी-शर्ट घेतला, उलटा केला, टाचण्या लावल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुला ठाऊक होतं."

मी हो म्हटलं. कधीपासून, ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. रागावल्या असत्या, चार लोकांत माझी कानउघाडणी केली असती, तर मला काहीतरी करता आलं असतं.

तेवढ्यात टी-शर्ट घ्यायला एक म्हातारे गृहस्थ आले. चष्मा जाड, हातात काठी, शर्यतीत चालण्याच्या गटात नाव. त्यांना मंचावरचं पुढचं काही ऐकू आलं नसावं. ते ताईंना म्हणाले की तुम्ही फार सुंदर बोललात, माझी बायको हॉस्पिटलात फार हाल होऊन गेली, तुमचे यजमान भाग्यवान, झोपेत गेले. ताईंनी वर बघितलं. गिऱ्हाइकाने छातीचं माप एक बोटभर चुकीचं सांगितलं तरी ताईंना सोसत नाही.

"हो," ताई म्हणाल्या. "झोपेत गेले."

त्यांनी टी-शर्टची घडी घालून तो म्हाताऱ्यांच्या हातात दिला. म्हातारबोवा समाधानाने काठी टेकत गेले. मी घाईघाईने सांगायला लागले की दाबूनसुद्धा सगळी माणसं वाचत नाहीत, सिस्टरांना विचारा, पुष्कळ वेळा काही उपयोग होत नाही, गाडी लांबून यायची होती, रस्ता बंद होता. मला वाटत होतं ताई मध्येच तोडतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माझं बोलणं आपोआप संपलं.

"त्यांना उठवायला माणूस आला होता," ताई म्हणाल्या. "मी त्यांना झोपू दिलं गं."

समोर तीन-चार जण मोठे टी-शर्ट घेऊन उभे होते. त्यातल्या एका मुलीने आपला टी-शर्ट पुढे केला आणि दोन्ही बाजूंनी आत घ्या म्हणाली. ताईंनी गळ्यातली टेप काढली, पण ती मुलीच्या अंगाला लावलीच नाही. किती घेऊ, असं त्यांनी तिलाच विचारलं.